नळी एक, चक्र्या दोन

शस्त्रपरवान्याच्या अर्जात एक लहानसा रकाना असतो. शस्त्राचा प्रकार, बनावट, क्रमांक आणि त्यांच्याच शेजारी ‘बोअर’. पाच-सहा अक्षरं मावतील एवढीच जागा. महसूल खात्यात कारकुनी करत असताना काही वर्षं हे टेबल माझ्याकडे होतं. कविता लिहिणाऱ्या माणसाकडे बंदुकांचं टेबल आलं म्हणून कचेरीत थट्टा व्हायची, आणि मीही ती करून घ्यायचो. तो रकाना भरताना मात्र कधी विचार करावा लागला नाही. बारा बोअर, .३२ बोअर, अर्जदार सांगेल ते जुन्या परवान्याशी ताडून बघायचं आणि फाइल वर पाठवायची.

१९९८ साली एक बागाईतदार गृहस्थ आले. त्यांचे थोरले बंधू पंचवीस वर्षं अमेरिकेत होते आणि आता कायमचे गावी परतणार होते. तिथं रीतसर विकत घेतलेलं एक रिव्हॉल्व्हर त्यांच्याकडे होतं. ते इकडे आणता येईल का, एवढीच चौकशी. सोबत फोटो होता. पेटीत रिव्हॉल्व्हर, आणि त्याच्या शेजारी एक सुटा सिलिंडर. रिव्हॉल्व्हरमध्ये बसवलेल्या सिलिंडरसारखाच, सहा भोकांचा. फोटोच्या पाठीमागं बंधूंनी लिहून दिलं होतं : एक सिलिंडर .३५७ चा, दुसरा ९ मिलिमीटरचा.

‘‘भाऊसाहेब,’’ ते गृहस्थ म्हणाले, ‘‘ह्याला परवाना एक लागतो का दोन?’’

मी त्या रकान्याकडे बघत राहिलो. एका हत्याराला दोन बोअर कसे असतील? आणि असतीलच, तर नळी एक आणि सिलिंडर दोन हे काय प्रकरण आहे? साहेबांना विचारलं, तर ते म्हणाले, ‘‘त्यांना पंधरा दिवसांनी बोलवा.’’ सरकारी कचेरीत याचा अर्थ आम्हालाही ठाऊक नाही असा होतो.

सिलिंडर म्हटलं की आपल्याकडे आधी गॅस आठवतो, म्हणून मी यापुढं त्याला चक्री म्हणणार आहे. रिव्हॉल्व्हरच्या मध्यभागी फिरणारी, पाच-सहा घरांची चक्री. प्रत्येक घरात एक काडतूस. घोडा मागं ओढला की चक्री एक घर पुढं सरकते, नवं काडतूस नळीच्या रेषेत येतं, चाप दाबला की घोडा पडतो. जुन्या मराठीत याला सहाबारी पिस्तूल म्हणत.

त्या रात्री मी हा प्रश्न अब्बांपुढं ठेवला. आमचं घराणं शिकलगारांचं. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार आणि झिलई देणारे. अरबीतल्या ‘सैकल’वरून, म्हणजे झिलईवरून, हा शब्द फारसीच्या वाटेनं आपल्याकडे आला. आजोबांपर्यंत सहाणेचं चाक घरात होतं. अब्बा मात्र कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर उभे राहिले आणि तिथंच निवृत्त झाले. बंदूक त्यांनी आयुष्यात हातात धरली नव्हती. पण भोक म्हणजे काय, हे त्यांच्याइतकं कळणारा माणूस मी पाहिलेला नाही. सूत, अर्धा सूत ही मापं घरात जेवतानाही बोलली जायची, आणि त्याहून बारीक म्हणजे इंचाचा हजारावा भाग, ज्याला कारखान्यात ‘थाऊ’ म्हणतात, तोही.

अब्बांनी फोटो डोळ्यांजवळ धरला आणि म्हणाले, ‘‘नळी गोळीची असते. चक्री काडतुसाची असते. दोन्ही गोळ्या एका जाडीच्या असतील, पण पुंगळ्या नसतील. बघ जा.’’

मी बघत गेलो. एक प्रकरण निकाली काढण्यासाठी सुरू केलेलं वाचन पुढं कित्येक वर्षं चाललं. अब्बांचं वाक्य शब्दशः खरं निघालं. पण पुंगळ्या वेगळ्या का झाल्या, यात मात्र दीडशे-पावणेदोनशे वर्षांचा इतिहास दडलेला होता.

आधी काडतूस. हा शब्द आपल्याला पोर्तुगिजांनी दिला. आजचं काडतूस म्हणजे एक पितळी पुंगळी. तळाशी ठिणगी देणारा भाग, आत दारू, तोंडाशी शिशाची गोळी. घोड्याचा ठोसा बसला की दारू पेटते आणि आत वायूचा दाब तयार होतो. मोटारीच्या टायरमध्ये आपण चौरस इंचाला तीस-पस्तीस पौंड हवा भरतो. .३५७ मॅग्नम नावाच्या काडतुसात हा दाब पस्तीस हजार पौंडांपर्यंत जाऊ शकतो. एवढा दाब ती पातळ पुंगळी स्वतः सोसत नाही. ती फुगते आणि चक्रीच्या पोलादी भिंतीला टेकते. दाब सोसते ती भिंत. पितळ फक्त फट बंद करतं, आणि दाब ओसरला की किंचित आकसतं, म्हणून पुंगळी बाहेर काढता येते. आता भिंत पुंगळीपासून लांब असेल, तर पितळ टेकायला जातं आणि वाटेतच फाटतं. तापलेला वायू मागं, हाताकडं, डोळ्यांकडं येतो. किती लांब म्हणजे लांब? तर पंधरा-सोळा थाऊ पुरे होतात.

पण रिव्हॉल्व्हर जन्मलं तेव्हा पुंगळी नव्हतीच. सॅम्युएल कोल्ट हा अमेरिकेतल्या हार्टफर्डचा मुलगा १८३० साली ‘कोर्व्हो’ नावाच्या जहाजावर नोकरीला लागला. जहाज निघालं होतं कलकत्त्याला. त्या प्रवासात जहाजाचं चाक का रहाट फिरताना बघून त्याला चक्रीची कल्पना सुचली आणि त्यानं लाकडाचा नमुना कोरला, असं सांगतात. फिरत्या चक्रीचं चकमकीचं पिस्तूल त्यानं कलकत्त्यातच पाहिलं असेल, असंही काही जण म्हणतात. काही असो, १८३६ मध्ये त्याला अमेरिकेत पेटंट मिळालं.

त्या चक्रीची घरं पुढून उघडी आणि मागून बंद होती. मागच्या भिंतीत फक्त ठिणगी जाण्यापुरतं बारीक छिद्र, त्यावर तांब्याची टोपी. पुढून दारू ओतायची, वर शिशाचा गोळा ठेवायचा आणि दांडीनं दाबून बसवायचा. गोळा घरापेक्षा किंचित मोठा असायचा, म्हणजे दाबताना शिशाची बारीक कडी सोलून निघायची आणि गोळा घट्ट बसायचा. सहा घरं भरायला वेळ लागायचा. घोड्यावर, पावसात, समोर शत्रू असताना तर विचारूच नका. म्हणून कोल्टच्या पहिल्या, पॅटर्सनच्या कारखान्यातल्या पिस्तुलांच्या पेटीत जादा चक्रीही मिळायची. घरून भरून न्यायची, रिकामी झालेली काढायची आणि भरलेली बसवायची. म्हणजे सुटी चक्री ही कल्पना रिव्हॉल्व्हरइतकीच जुनी आहे. पण तेव्हा दोन्ही चक्र्या अगदी सारख्या असत. फरक भरलेली आणि रिकामी एवढाच.

खरा फरक आला तो धातूच्या काडतुसानं. पॅरिसमध्ये लफॉशो नावाच्या बंदूककारानं १८३० च्या दशकात असं काडतूस बनवलं, फ्लोबेर नावाच्या दुसऱ्या फ्रेंच कारागिरानं १८४५ च्या सुमारास अगदी चिमुकलं, काठावर आघात झाला की उडणारं काडतूस काढलं. अशा काडतुसासाठी चक्रीचं घर आरपार हवं. पुढून नव्हे, मागून भरायचं. लफॉशोच्या मुलाचं आरपार चक्रीचं रिव्हॉल्व्हर फ्रेंच नौदलानं १८५८ साली घेतलंही.

अमेरिकेत मात्र या आरपार भोकावर एका माणसाची मालकी होती. रोलिन व्हाइट त्याचं नाव. कोल्टच्याच कारखान्यात काम केलेला हा कारागीर. ३ एप्रिल १८५५ रोजी त्यानं पेटंट घेतलं, त्यात चक्रीला आरपार भोक पाडण्याची कल्पना होती. गंमत म्हणजे पेटंटात काढलेलं त्याचं स्वतःचं पिस्तूल चालण्यासारखं नव्हतं. पण कायद्याला पिस्तुलाशी कर्तव्य नव्हतं, भोकाशी होतं. होरेस स्मिथ आणि डॅनियल वेसन या दोघांनी ही किंमत ओळखली. नोव्हेंबर १८५६ मध्ये त्यांनी व्हाइटशी करार केला. प्रत्येक रिव्हॉल्व्हरमागं पंचवीस सेंट व्हाइटला, आणि त्या बदल्यात पेटंट कुणी मोडलं तर कोर्टकचेऱ्या व्हाइटनं स्वतःच्या खर्चानं करायच्या.

पुढच्याच वर्षी, म्हणजे १८५७ मध्ये, त्यांचं पहिलं .२२ रिव्हॉल्व्हर बाजारात आलं. हे साल आपल्या ओळखीचं आहे. त्याच वर्षी मार्चमध्ये बराकपूरला मंगल पांडे यांनी हत्यार उचललं आणि एप्रिलमध्ये मीरतला तिसऱ्या घोडदळाच्या ८५ स्वारांनी काडतुसं घेण्यास नकार दिला, त्यात हिंदूही होते आणि मुसलमानही. ती काडतुसं कागदाची होती, वर चरबी लावलेली, दातांनी फाडायची. इकडे कागदाच्या काडतुसावरून साम्राज्य हादरत होतं, आणि तिकडे स्प्रिंगफील्ड नावाच्या गावात दातांशी काहीच संबंध नसलेलं धातूचं काडतूस शांतपणे पेटीत भरलं जात होतं. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. तरीही ही तारीख वाचली तेव्हा मी पुस्तक थोडा वेळ मिटून ठेवलं होतं.

पुढं १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं. स्मिथ आणि वेसन लहान खिशातली रिव्हॉल्व्हर बनवत होते, मोठं लष्करी रिव्हॉल्व्हर ते अजून बनवत नव्हते, आणि दुसऱ्या कुणाला बनवता येत नव्हतं. त्यामुळं लाखो सैनिक त्या युद्धात दारू ओतून, गोळा ठोकून, टोपी चढवूनच लढले. धातूचं काडतूस अस्तित्वात होतं, ते बनवणारे कारखाने होते. अडवणूक होती ती भोकाची. व्हाइट मात्र कोर्टात फिरत राहिला आणि मिळालेले पंचवीस-पंचवीस सेंट वकिलांना देत राहिला. १८६९ साली पेटंटाची मुदत संपली. ती वाढवून मिळावी म्हणून त्यानं खटपट केली, संसदेनं त्याच्या बाजूनं विधेयकही मंजूर केलं. पण जानेवारी १८७० मध्ये राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी ते फेटाळलं. ग्रँट त्या युद्धाचेच सेनापती. शस्त्रसामग्री विभागाचं म्हणणं होतं, या पेटंटामुळं युद्धात सरकारचंच नुकसान झालं. मला व्हाइटची कीव येते आणि राग येत नाही, हे मी कबूल करतो. करार वाचून सही करायला हवी होती, एवढंच त्याला कुणी सांगायला हवं होतं.

पेटंट जिवंत असतानाच्या शेवटच्या दिवसांत पहिल्यांदा खऱ्या अर्थानं दोन निराळ्या चक्र्या दिसू लागल्या. रेमिंग्टन कंपनीनं १८६८ साली स्मिथ-वेसनना रॉयल्टी देऊन आपल्या जुन्या लष्करी रिव्हॉल्व्हरसाठी काडतुसाची चक्री काढली. जुन्या चक्रीत सहा घरं होती, हिच्यात पाचच, कारण .४६ चं जाड काडतूस बसवल्यावर सहा घरांमधल्या भिंती फार पातळ झाल्या असत्या. रेमिंग्टनची चक्री एक आडवी पीन ओढली की बाजूला निघून यायची, त्यामुळं जुनी चक्रीही जपून ठेवता येई. कोल्ट कंपनीत थ्युअर नावाच्या माणसानं तर पेटंट चुकवायला चक्क पुढून भरायचं काडतूस काढलं. ते फारसं कुणी वापरलं नाही, पण त्याच्याही संचात जुनी टोपीची चक्री असे. त्यामागं साधा हिशेब होता. दारू आणि शिसं कुठल्याही आडगावात मिळायचं, कारखान्यातलं काडतूस मिळेलच याची खात्री नव्हती. काडतुसं आहेत तोवर ही चक्री, संपली की ती.

आता इथं काडतुसांच्या नावांचा घोळ सुरू होतो. .३८ म्हणजे इंचाचे अडतीस शतांश, असं कुणीही समजेल. मोजून बघा, .३८ स्पेशल काडतुसाची गोळी साधारण .३५७ इंच भरते. .४४ मॅग्नमची .४२९. हे असं का? तर जुन्या चक्रीचं घर गोळ्याएवढं, सरळ भोकाचं होतं. त्यात काडतूस घालायचं तर पुंगळी बाहेरून त्याच भोकाएवढी आणि गोळीही तेवढीच. मग गोळी पुंगळीत शिरणार कशी? तिचा मागचा भाग तासून बारीक केला आणि तेवढाच पुंगळीत खुपसला. बुचाची बाटली आठवा. बूच आत जातं ते बारीक आणि वर राहतं ते बाटलीच्या मानेएवढं. नाव पडलं ते त्या मानेच्या जाडीवरून, .३८.

पण अशा गोळीचं चरबीचं वंगण उघड्यावर राहायचं, खिशातला कचरा त्याला चिकटायचा. १८७० च्या सुमारास रशियानं स्मिथ-वेसनकडून मोठ्या संख्येनं रिव्हॉल्व्हर घ्यायचं ठरवलं, तेव्हा रशियन लष्करानं अट घातली की वंगणाचा भाग पुंगळीच्या आत झाकलेला हवा. मग गोळी अख्खी बारीक झाली आणि पुंगळीत गेली. नळ्याही तशा बारीक झाल्या. हळूहळू सगळ्यांनीच हे केलं. पाटी मात्र जुनीच राहिली. माणूस वारला तरी दुकानावर नाव त्याचंच राहावं, तसं.

एक काडतूस तेवढं बदललं नाही, आणि तेच जगात सगळ्यांत जास्त खपतं. ते म्हणजे .२२. स्मिथ-वेसनच्या १८५७ च्या त्या छोट्या काडतुसाचंच ते वाढवलेलं रूप, १८८७ साली आलेलं .२२ लाँग रायफल. त्याची गोळी आजही जुन्या पद्धतीची, मागून बारीक केलेली आहे. म्हणून त्याची पुंगळी आणि गोळी जवळपास एकाच जाडीची, साधारण ५.७ मिलिमीटर. १९५९ साली विंचेस्टर कंपनीनं .२२ मॅग्नम आणलं. त्याची गोळी तेवढीच, म्हणजे नळी तीच चालते. पण ती नव्या पद्धतीनं पुंगळीच्या आत बसते, म्हणून पुंगळी जाड, ६.१५ मिलिमीटरच्या आसपास. फरक ०.४ मिलिमीटर. अब्बांच्या मापात सोळा थाऊ.

मॅग्नमच्या घरात साधी बाविसची सहज सरकते. इतकी सहज की नवख्याला वाटावं, बसली. चाप दाबला की ती उडतेही. पण भिंत लांब असल्यामुळं पुंगळी फुगते आणि बऱ्याचदा उभी फाटते. उलट साध्या घरात मॅग्नम शिरतच नाही. अमेरिकेतल्या रूगर कंपनीकडे १९५३ पासून एक .२२ चं रिव्हॉल्व्हर होतं, जुन्या पाश्चात्त्य सिनेमातल्या धाटणीचं. १९६० च्या दशकात त्याच्यासोबत दुसरी चक्री द्यायला त्यांनी सुरुवात केली. एक साधी, एक मॅग्नम. सरावाला स्वस्त काडतूस आणि शेतातल्या उपद्रवी प्राण्यांसाठी जोरकस, दोन्ही एका नळीतून. १८५७ आणि १९५९ ही दोन सालं एका पेटीत शेजारी-शेजारी.

यावर कुणी विचारेल, मग .३८ स्पेशल आणि .३५७ मॅग्नम यांना दोन चक्र्या का नाहीत? कारण १९३५ साली .३५७ काढताना पुंगळीची जाडी तीच ठेवून फक्त लांबी वाढवली, एका सुताहून किंचित जास्त. लहान काडतूस मोठ्या घरात नीट बसतं, भिंतीला टेकतं. मोठं मात्र लहान घरात पूर्ण जात नाही, चक्री फिरतच नाही. आणि ते जाऊ नये म्हणूनच तो एक सूत वाढवलेला आहे, कारण .३५७ चा दाब .३८ स्पेशलच्या दुप्पट. ज्यानं हे केलं त्यानं दारूसाठी जागा हवी म्हणून केलं नाही, चूक होऊ नये म्हणून केलं. मला हा सगळ्या प्रकरणातला सर्वांत सभ्य निर्णय वाटतो.

असा विचार न करणारेही होते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं ब्रिटनला पाठवलेली रिव्हॉल्व्हर ब्रिटिश .३८ काडतुसाची होती. पुंगळी आखूड आणि थोडी जाड. युद्धानंतर ती मोडीत निघाली, तेव्हा अनेकांची घरं पुढं लांब करून त्यांत .३८ स्पेशल घालण्याची टूम निघाली. दोन्हीवर .३८ च लिहिलेलं! घराचा मागचा भाग सैल, पुढचा घट्ट. उडवलेल्या पुंगळ्या बुडाशी फुगलेल्या निघायच्या, काही फाटायच्या. नावावर विश्वास ठेवल्याचा हा परिणाम.

काही काडतुसांना मात्र दुसरी चक्री लागते ती जाडीपेक्षा बुडामुळं. रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाला बुडाशी बाहेर आलेला काठ असतो. घरात टाकलं की काठ अडकतो आणि काडतूस जागेवर राहतं, पाटातल्या खिळ्याच्या डोक्यासारखं. स्वयंचलित पिस्तुलात काडतुसं एकावर एक रचायची असतात, काठ एकमेकांत अडकले असते, म्हणून त्यांचा काठ काढून टाकला. ९ मिलिमीटर हे १९०२ चं जर्मन काडतूस असंच, आणि अमेरिकन .४५ ऑटोमॅटिकही.

या .४५ ची जन्मकथा सांगताना मला थोडं थांबावं लागतं. अमेरिकेनं फिलिपाइन्स घेतलं, तेव्हा दक्षिणेतल्या बेटांवरचे मोरो मुसलमान लढायला उभे राहिले. अमेरिकन अधिकाऱ्यांची तक्रार आली की .३८ च्या गोळ्या लागूनही हे लोक धावत येतात. १९०४ साली त्यावर चाचण्या झाल्या, शिकागोच्या कत्तलखान्यात जिवंत गुरांवर आणि शवांवर, आणि .४५ पेक्षा कमी नको असा निष्कर्ष निघाला. शस्त्रांच्या पुस्तकांतून ही हकीकत मोठ्या चवीनं येते. मोरो कोण होते, कशासाठी धावत येत होते, याला तिथं बहुधा एक ओळही नसते. ते फक्त न पडणारी माणसं आहेत.

पहिल्या महायुद्धात पिस्तुलं कमी पडली, तेव्हा कोल्ट आणि स्मिथ-वेसन यांनी हे बिनकाठाचं .४५ चालवणारी तीन लाखांच्या आसपास रिव्हॉल्व्हर बनवली. काठ नाही तर अडकणार कुठं? उपाय निघाला अर्धचंद्राच्या आकाराच्या पोलादी पट्टीचा, तीन-तीन काडतुसं तिच्यात बसवायची. दुसरा उपाय घराच्या आतच पायरी ठेवण्याचा. भोक मागून थोडं रुंद, पुढं थोडं अरुंद, आणि पुंगळीचं तोंड त्या पायरीला टेकतं. .४५ कोल्ट हे १८७३ चं काठाचं काडतूस जवळपास तेवढ्याच जाडीचं, पण साडेबत्तीस मिलिमीटर लांब; .४५ ऑटोमॅटिक तेवीसच्या आत. कोल्टच्या घरात ऑटोमॅटिक टाकलं तर ते विहिरीत दगड पडावा तसं आत जातं, घोड्याची सुई त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. दोन्ही हवीत तर चक्र्या दोनच. आमच्या बागाईतदारांच्या बंधूंचंही तेच. .३५७ आणि ९ मिलिमीटर यांच्या गोळ्यांत फरक अवघा दोन थाऊ, नळी दोन्ही चालवून घेते. पण ९ मिलिमीटरची पुंगळी आखूड, बिनकाठाची, बुडाकडं निमुळती होत जाड झालेली. ती .३५७ च्या घरात पूर्ण जातच नाही.

मग कुणाचीही चक्री कुणालाही बसेल का? नाही. चक्रीचं तोंड आणि नळीचं बूड यांच्यात पाच-सहा थाऊंची फट ठेवावी लागते. जास्त झाली तर वायू बाजूनं फुटतो, कमी झाली तर चक्री घासते. शिवाय प्रत्येक घर नळीच्या बरोबर समोर येऊन थांबायला हवं, नाही तर गोळी नळीच्या कडेला तासली जाते. म्हणून कारखान्यात दुसरी चक्री त्याच रिव्हॉल्व्हरवर बसवून तपासतात आणि तिच्यावर त्याच रिव्हॉल्व्हरच्या क्रमांकाचे शेवटचे आकडे कोरतात.

या सगळ्यानंतर मी पुन्हा आमच्या नियमांचं पुस्तक उघडलं. १९६२ ची शस्त्र नियमावली. तिच्या पहिल्या परिशिष्टातला निषिद्ध हत्यारांचा भाग मी कितीदा तरी वाचला होता, पण तो मला तेव्हा पहिल्यांदा समजला. ज्या कोणत्याही बोअरच्या पिस्तुलात वा रिव्हॉल्व्हरमध्ये .३८० किंवा .४५५ ची काठाची, अथवा लष्करी ९ मिलिमीटर किंवा .४५ ची बिनकाठाची काडतुसं बसून उडू शकतात, ते निषिद्ध. नियम लिहिणाऱ्यानं बोअरवर विसंबून न राहता घर काय सामावून घेतं हे विचारलं होतं. काठ आहे की नाही हेसुद्धा! २०१६ मध्ये त्या नियमांची जागा नव्या नियमांनी घेतली, पण १९९८ साली आमच्या टेबलावर हेच पुस्तक होतं.

म्हणजे त्या गृहस्थांच्या पेटीत एकच हत्यार दोन होतं. .३५७ ची चक्री घातली तर अर्ज करता येण्यासारखं, ९ मिलिमीटरची घातली तर निषिद्ध. मी तसं टिपण लिहून साहेबांपुढं ठेवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि विचारलं, ‘‘हे तुम्हाला कुणी सांगितलं?’’ मी म्हणालो, ‘‘वडिलांनी.’’ आमच्या घराण्याचा हत्यारांशी संबंध असा पुन्हा जुळला. १८७८ च्या शस्त्र कायद्यानं लोकांची हत्यारं गेली, त्यांच्याबरोबर आमच्या सहाणेचं काम गेलं, आणि विळे-कात्र्या राहिल्या. त्या कायद्याच्या नातवंड-पतवंडांचं टेबल माझ्याकडं आलं होतं.

पंधरा दिवसांनी ते गृहस्थ आले. मी समजावून सांगितलं.

‘‘मग एक चक्री तिकडंच ठेवून यायची म्हणता?’’

‘‘अर्ज त्या एकीपुरता करता येईल. मंजुरी वरून.’’

ते फोटो घेऊन गेले. पुढं कधीतरी बाजारात भेटले, तेव्हा कळलं की बंधूंनी पेटीसकट सगळं तिकडंच विकून टाकलं. घरी येऊन मी हे अब्बांना सांगितलं. ते चहा पीत होते.

‘‘विकलं?’’ ते म्हणाले. ‘‘एकदा हातात तरी यायला पाहिजे होती. भोकं मोजली असती.’’